मुळीच्या पुडीत काय बांधले जाते?

काष्ठौषधींच्या दुकानात गिऱ्हाईक ज्या आवाजात बोलते, त्यावरून त्याला काय हवे ते बरेचदा ओळखता येते. बेळगावची रविवार पेठ असो की निपाणीची बाजारपेठ, अडुळसा, ज्येष्ठमध, सुंठ मागणारा माणूस दारातूनच हाक देतो. अश्वगंधा आणि मुसळी हवी असलेला साठीतला माणूस मात्र गर्दी ओसरायची वाट बघतो, पुढे वाकतो आणि ‘जरा अशक्तपणा जाणवतोय’ एवढेच सांगतो. दुकानदारही पुढे विचारत नाही. मुळ्या कागदात बांधल्या जातात, दुधातून घ्यायला सांगितले जाते आणि व्यवहार संपतो. बायका शतावरी नेतात, पण ती बाळंत झालेल्या लेकीसाठी नाहीतर सुनेसाठी. पन्नाशीतल्या बाईने स्वतःच्या त्रासासाठी काही मागावे, ही रीतच पडलेली नाही.

या पुडीला थोतांड म्हणून झटकून टाकणे सोपे आहे आणि अन्यायाचेही. अश्वगंधा, शतावरी, मुसळी, भुईकोहळा ही खरी औषधी मुळे आहेत. त्यांना दोन हजार वर्षांची लेखी परंपरा आहे आणि अलीकडे त्यांपैकी काहींवर रीतसर चाचण्याही झाल्या आहेत. पण उतारवयातला माणूस या पुडीकडून जे मागतो आणि पुडी जे देऊ शकते, त्यात मोठे अंतर आहे. त्याहून गंभीर गोष्ट अशी, की पुडी मिळाली की तपासणी राहून जाते. ‘अशक्तपणा’ या एका शब्दाखाली मधुमेह, रक्तदाब, अरुंद होत चाललेल्या रक्तवाहिन्या, थायरॉइड, नैराश्य आणि रजोनिवृत्ती हे सारे एकत्र गुंडाळले जाते आणि तसेच घरी परत जाते.

मुळांच्या वाटेवरचा मुलूख

उतारवयातले कामजीवन आणि औषधी मुळे या विषयासाठी बेळगाव-निपाणीइतका योग्य प्रदेश शोधून सापडणार नाही. बेळगावच्या पश्चिमेला खानापूर, जांबोटी, कणकुंबीचे दाट रान आहे. कणकुंबीला मलप्रभेचा उगम होतो आणि पलीकडे चोर्ला घाट गोव्यात उतरतो. पावसाच्या पहिल्या सरींनंतर सह्याद्रीच्या या पट्ट्यात जमिनीलगत काळ्या मुसळीची पिवळी चांदणीसारखी फुले उमलतात. त्याच सुमारास पांढऱ्या मुसळीच्या कुळातल्या वनस्पतींची कोवळी पाने फोडशी, कुलू अशा नावांनी रानभाजी म्हणून ताटात येतात. याच रानातले भीमगड अभयारण्य २०११ मध्ये घोषित झाले. सुमारे १९० चौरस किलोमीटरच्या त्या हद्दीतून मुळे खणून आणणे हा आता गुन्हा आहे आणि तो तसाच असायला हवा, कारण मूळ काढले की झाडच संपते. पान खुडल्यावर जे पुन्हा फुटते, ते मूळ खणल्यावर फुटत नाही.

शहरात शिरले की शास्त्राची घरे भेटतात. केएलई संस्थेचे श्री बी. एम. कंकणवाडी आयुर्वेद महाविद्यालय १९३३ पासून शहापूर भागात आहे. नेहरूनगरात भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची (आयसीएमआर) संस्था आहे. २००६ मध्ये ती प्रादेशिक वैद्यकीय संशोधन केंद्र म्हणून उभी राहिली आणि आज राष्ट्रीय पारंपरिक औषध संस्था या नावाने ओळखली जाते. पारंपरिक औषधांवर आधुनिक पद्धतीने संशोधन करणे हेच तिचे काम आहे. एका गावात रान आहे, बाजार आहे, आयुर्वेदाचे जुने महाविद्यालय आहे आणि राष्ट्रीय प्रयोगशाळाही आहे. असे असूनही याच गावातले गिऱ्हाईक मुळी घेताना ती खरी आहे की नाही, किती घ्यायची आणि कोणी घ्यायची नाही, हे न कळताच घरी जाते.

खरी की नाही हा प्रश्न सीमाभागात जास्तच टोकदार होतो. एकच झाड दोन भाषांत दोन नावांनी विकले जाते. मराठी गिऱ्हाईक शतावरी मागते, कानडी गिऱ्हाईक ‘हलवु मक्कळ तायि बेरु’ मागते. तिथे निदान वस्तू एकच असते. भुईकोहळ्याच्या (संस्कृतात विदारी) बाबतीत उलट घडते, म्हणजे नाव एक आणि झाडे दोन. उत्तरेकडची परंपरा विदारी म्हणून प्युरेरिया ट्यूबरोसा या शेंगवर्गीय वेलीचा कंद वापरते. दक्षिणेकडे आयपोमिया या रताळ्याच्या कुळातल्या वेलीचा कंद त्याच नावाने चालतो. पहिल्यात डेडझीन, जेनिस्टीन यांसारखी, सोयाबीनमध्ये आढळणारी आणि इस्ट्रोजेनसारखे सौम्य काम करणारी द्रव्ये असतात. दुसऱ्याची घडणच वेगळी आहे. वाळवून केलेल्या चकत्या समोर ठेवल्या तर साध्या डोळ्यांना फरक कळत नाही आणि चूर्ण झाल्यावर तर प्रयोगशाळेशिवाय कोणालाच कळत नाही. बेळगाव या दोन परंपरांच्या शिवेवर वसले आहे.

ग्रंथ काय सांगतो आणि जाहिरात काय उचलते

आयुर्वेदाच्या आठ अंगांत रसायन आणि वाजीकरण ही दोन स्वतंत्र अंगे आहेत. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानाची सुरुवातच त्यांनी होते. पहिला अध्याय रसायनाचा आणि दुसरा वाजीकरणाचा असून दोन्हींचे चार-चार पाद आहेत. म्हातारपण आणि कामेच्छा हे विषय लपवायचे आहेत असे त्या ग्रंथकारांना कधी वाटले नाही. रोगांच्या चिकित्सेच्याही आधी त्यांनी हे विषय मांडले.

मात्र जाहिरातदार या अध्यायातली झाडांची यादी तेवढी उचलतो आणि बाकीचे सोडतो. जे सुटते तेच खरे महत्त्वाचे आहे. वाजीकरणाआधी शरीराची शुद्धी करावी आणि पचन सुधारावे, असे चरक सांगतो. संयमी माणसालाच या औषधांचा अधिकार तो देतो. वयाची सोळा ते सत्तर अशी मर्यादाही घालतो. सर्वांत श्रेष्ठ वाजीकरण म्हणून तो कोणत्याही मुळीचे नाव घेत नाही. त्या जागी तो मनाजोगत्या, प्रेमळ जोडीदाराला ठेवतो. ही मांडणी पुरुषाच्या बाजूने केलेली आहे हे खरे. पण इच्छा मनातून आणि नात्यातून उठते, हे त्या वैद्यांनी नेमके ओळखले होते. कामेच्छेचे मूळ सांगताना नात्याला आधी आणि मुळीला नंतर जागा देणारा ग्रंथ आज फक्त मुळी विकायला वापरला जातो.

स्त्रीच्या उतारवयाबद्दल मात्र हे ग्रंथ फार थोडे बोलतात. पाळी बाराव्या वर्षाच्या सुमारास सुरू होते आणि पन्नाशीला थांबते, अशी नोंद सुश्रुताने केली. थांबल्यानंतरच्या त्रासांना मात्र वेगळा अध्याय मिळाला नाही. बाळंतिणीसाठी शतावरी, आळीव, डिंकाचे लाडू असा भरगच्च संसार घराघरात उभा राहिला. तीच बाई पंचवीस वर्षांनी रात्री घामाने चिंब होऊन उठते, तेव्हा तिच्यासाठी स्वयंपाकघरात काही शिजत नाही.

मुळीतून संप्रेरक निघते का?

‘नैसर्गिक हार्मोन’ हा शब्द आज बाटल्यांवर सर्रास छापला जातो. त्यामागे एक खरी आणि विलक्षण गोष्ट आहे. १९३५ मध्ये टेस्टोस्टेरॉन प्रयोगशाळेत तयार करण्यात आले. ते तयार करणाऱ्या ब्युटेनान्ट आणि रुझिच्का यांना १९३९ चे नोबेल जाहीर झाले. पण मोठ्या प्रमाणावर संप्रेरके बनवायला स्वस्त कच्चा माल मिळत नव्हता. रसेल मार्कर या अमेरिकी रसायनशास्त्रज्ञाला तो १९४२ मध्ये मेक्सिकोच्या जंगलात सापडला. तो होता एका रानकंदातला डायोस्जेनिन हा घटक. त्यापासून त्याने प्रोजेस्टेरॉन बनवले. १९४४ मध्ये सिन्टेक्स ही कंपनी उभी राहिली आणि १९५१ मध्ये तिथेच नॉरएथिन्ड्रोन तयार झाले. पुढच्या गर्भनिरोधक गोळ्यांचा तो पाया ठरला. कोकणात ज्याची भाजी करतात आणि जो भाजून खातात, तो कणगर या मेक्सिकन कंदाचाच भाऊबंद, डायोस्कोरिया कुळातला.

पण या गोष्टीचा दुसरा अर्धा भाग विक्रेते सांगत नाहीत. डायोस्जेनिनचे प्रोजेस्टेरॉन होते ते रसायनशाळेतल्या भांड्यात, मार्करने शोधलेल्या टप्प्यांनी. माणसाच्या शरीरात त्या टप्प्यांसाठी लागणारी यंत्रणाच नाही. रानकंद खाऊन किंवा त्याचे मलम चोळून शरीरात संप्रेरक तयार होत नाही. मुळे जे काही करतात ते वेगळ्या वाटेने करतात. काही ताणाच्या संप्रेरकांवर परिणाम करतात, काही झोपेवर, काही इस्ट्रोजेनच्या ग्राहकांना हलकेच चिकटतात. संप्रेरकाची भर घालण्याचे काम त्यांचे नव्हे.

संप्रेरकाच्या मोहाने मोठमोठ्या वैज्ञानिकांनाही चकवले आहे. पॅरिसचे प्रख्यात शरीरक्रियाशास्त्रज्ञ ब्राउन-सेकार्ड यांनी १८८९ मध्ये, वयाच्या ७२व्या वर्षी, प्राण्यांच्या वृषणांचा अर्क स्वतःला टोचून घेतला आणि आपण तरुण झाल्याचे जाहीर केले. त्या पाण्यातल्या अर्कात परिणाम करण्याइतके टेस्टोस्टेरॉन असणे शक्यच नव्हते. त्यांना जाणवलेली शक्ती अपेक्षेची होती. म्हणूनच आजच्या प्रत्येक प्रामाणिक चाचणीत औषधाच्या जोडीला प्लासिबो, म्हणजे औषध नसलेली तशीच दिसणारी गोळी असावी लागते.

चाचण्यांच्या तराजूत

अश्वगंधेवर सर्वांत जास्त काम झाले आहे. मध्य प्रदेशातल्या नीमच-मंदसौरच्या कोरड्या पट्ट्यातून ती देशभर जाते आणि चूर्ण, अरिष्ट, कॅप्सूल अशा सर्व रूपांत घरी पोहोचते. २०१९ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी एक चाचणी प्रसिद्ध केली. ४० ते ७० वयाच्या, वजन जास्त असलेल्या आणि सौम्य थकवा जाणवणाऱ्या पुरुषांना १६ आठवड्यांत अदलाबदलीने अर्क आणि प्लासिबो दिला. ५० जणांनी ती पूर्ण केली. अर्काच्या काळात टेस्टोस्टेरॉन १४.७ टक्क्यांनी जास्त आढळले. ही ओळ जाहिरातीत येते. त्याच निबंधातली पुढची ओळ येत नाही, की थकवा, उत्साह आणि लैंगिक समाधान यांत अर्क आणि प्लासिबो यांच्यात लक्षणीय फरक दिसला नाही. रक्तातला आकडा हलला, पण माणसाला जे हवे होते ते हलले असे सिद्ध झाले नाही.

स्त्रियांसाठी २०२१ मध्ये एक आशादायक निबंध आला. पाळी थांबण्याच्या उंबरठ्यावरच्या ९१ स्त्रियांनी आठ आठवड्यांची चाचणी पूर्ण केली. अश्वगंधेचा अर्क घेणाऱ्या गटात गरम वाफा, चिडचिड, झोपेचे त्रास यांचे एकत्रित गुण जास्त सुधारले. त्याच वर्षी इंग्लंडच्या एक्झेटर विद्यापीठातून शतावरीवरचा अभ्यास आला. रजोनिवृत्तीनंतरच्या २० स्त्रियांनी सहा आठवडे शतावरी किंवा प्लासिबो घेतला. शतावरीच्या गटात हाताच्या पकडीची ताकद वाढली, पण हाडांच्या झिजेचे निदर्शक बदलले नाहीत. दोन्ही निष्कर्ष मोलाचे आहेत. दोन्ही अभ्यास छोटे आणि थोड्या काळाचे आहेत, हेही तितकेच खरे. मुसळीबाबत बहुतेक पुरावा उंदरांवरचा आहे.

आणि मुळी ‘साइड इफेक्ट नाही’ म्हणून विकली जाते, तेही खरे नाही. अश्वगंधेच्या तयार गोळ्या घेतल्यावर यकृताला इजा झालेल्या रुग्णांच्या नोंदी २०२० मध्ये आइसलँड आणि अमेरिकेतून प्रसिद्ध झाल्या. अशी इजा दुर्मीळ असते आणि औषध थांबवल्यावर बहुतेक जण बरे होतात, पण ती होते. २०२३ मध्ये डेन्मार्कने अश्वगंधेवर बंदीच घातली. भारतात ही मुळी शतकानुशतके वापरात आहे, त्यामुळे तशी बंदी इथे अनाठायी ठरेल. तरी एक फरक ध्यानात घ्यावा लागेल. दुधात उकळलेले पारंपरिक चूर्ण आणि कॅप्सूलमधला तीव्र अर्क या एक गोष्ट नव्हेत. कंपन्यांनी मुळाऐवजी पाने वापरायला सुरुवात केली, तेव्हा आयुष मंत्रालयाला २०२१ मध्ये पाने वापरू नका अशी सूचना काढावी लागली. अश्वगंधा थायरॉइडचे संप्रेरक वाढवू शकते. झोपेच्या आणि मधुमेहाच्या गोळ्यांचा परिणामही तिच्यामुळे वाढू शकतो. थायरॉइडची गोळी घेणाऱ्या बाईने आणि यकृताचा आजार असलेल्या माणसाने डॉक्टरांना न विचारता ती सुरू करू नये. संप्रेरकांवर अवलंबून वाढणाऱ्या, म्हणजे स्तनाच्या किंवा प्रोस्टेटच्या कर्करोगाचा इतिहास असणाऱ्यांनी तर या सर्वच मुळ्यांबाबत आधी विचारून घ्यावे.

निपाणीचे पीक आणि निपाणीची नस

पुरुषाच्या उतारवयातल्या लैंगिक अडचणींचे मुख्य कारण बहुतेक वेळा संप्रेरकात नसते. टेस्टोस्टेरॉन चाळिशीनंतर वर्षाला साधारण एक टक्का या मंद गतीने घटते. बहुतेकांत ते आयुष्यभर पुरेसे राहते. खरी अडचण रक्ताच्या प्रवाहात असते. विहिरीला मुबलक पाणी असले तरी ठिबकच्या नळ्या गाळाने चोंदल्या तर उसाला पाणी पोहोचत नाही, तसेच हे आहे. विहीर आणखी खोल खणून उपयोग नसतो.

रक्तवाहिन्यांच्या अस्तरातून नायट्रिक ऑक्साइड हा वायू सुटतो, वाहिनी सैल होते आणि रक्त आत येते. या वायूचे काम उलगडणाऱ्या फर्चगॉट, इग्नारो आणि मुराद यांना १९९८ चे नोबेल मिळाले. त्याच वर्षी मार्चमध्ये अमेरिकेत सिल्डेनाफिलला मान्यता मिळाली. ते औषध याच यंत्रणेवर काम करते. उच्च रक्तदाब, मधुमेह आणि तंबाखू हे अस्तर सर्वांत आधी खराब करतात. शिश्नाच्या धमन्या हृदयाच्या धमन्यांपेक्षा बारीक असल्याने बिघाड तिथे आधी दिसतो. हृदयविकाराचे पहिले लक्षण कधीकधी दोन ते पाच वर्षे आधी शयनगृहात दिसते, ते यामुळेच. मॅसॅच्युसेट्समधल्या एका मोठ्या पाहणीत ४० ते ७० वयाच्या पुरुषांपैकी ५२ टक्क्यांना कमी-अधिक प्रमाणात ही अडचण होती. इतकी सार्वत्रिक गोष्ट लाज बाळगण्याची नसते, तपासण्याची असते.

निपाणीकरांना हे कळवळून सांगायला हवे, कारण निपाणीचे नाव देशभर गेले ते विडीच्या तंबाखूने. १९८१ मध्ये तंबाखूला भाव मिळावा म्हणून शरद जोशींच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी महामार्ग रोखला. पोलिसांच्या गोळीबारात शेतकरी मृत्युमुखी पडले. या पिकाने गावाला पैसा दिला आणि वखारींतल्या हजारो बायकांना रोजगार दिला. तीच तंबाखू धमन्यांचे अस्तर खाते. स्त्रियांमध्ये धूम्रपानाने पाळी साधारण एक-दोन वर्षे लवकर थांबते, हेही सिद्ध झालेले आहे. दिवसाला बंडलभर विड्या ओढणाऱ्या साठीतल्या माणसाने मुसळीची पुडी नेली, तर रोज सकाळी तंबाखूने बिघडवलेले रात्री मुसळीने दुरुस्त होणार नाही.

मधुमेहाचेही तसेच आहे. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाब पाहणीनुसार देशात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे. चोर्ला घाट उतरला की लागणारा गोवा २६.४ टक्क्यांनी देशात पहिला आहे. कर्नाटकात हे प्रमाण १०.६ टक्के आहे. मधुमेही पुरुषांत लैंगिक अडचणींचा धोका सुमारे तिप्पट असतो. कित्येकांना साखर असल्याचे माहीतच नसते. रक्तातली साखर, रक्तदाब, कोलेस्टेरॉल, थायरॉइड आणि सकाळचे टेस्टोस्टेरॉन एवढ्या साध्या तपासण्यांतून बहुतेक कारण पकडले जाते.

बाईचे न मोजलेले दुखणे

भारतीय स्त्रीची पाळी पाहण्यांनुसार साधारण ४६-४७ व्या वर्षी थांबते, म्हणजे पाश्चात्त्य देशांपेक्षा चार-पाच वर्षे लवकर. सीमाभागातल्या साखर कारखान्यांच्या गळीत हंगामात आणखी एक वास्तव उसाच्या फडात येते. बीड जिल्ह्यातून ऊसतोडणीला जाणाऱ्या सुमारे ८२ हजार स्त्रियांच्या २०१९ मधल्या सरकारी पाहणीत १३ हजारांहून अधिक स्त्रियांची गर्भाशये काढलेली आढळली. गर्भाशयासोबत अंडाशयही निघाले की तिशी-पस्तिशीत एका दिवसात रजोनिवृत्ती येते. फडात राबताना हाडे दुखणे, झोप न लागणे, अंगातून वाफा निघणे याला ‘कामाचा ताण’ म्हणतात आणि संबंधाच्या वेळच्या वेदनेला तर नावच देत नाहीत.

या वेदनेचे कारण साधे आहे. इस्ट्रोजेन कमी झाले की योनीमार्गाचे अस्तर पातळ आणि कोरडे होते. लघवीची जळजळ आणि वारंवार होणारा जंतुसंसर्गही त्यातूनच येतो. यावर स्थानिक इस्ट्रोजेन मलम हा प्रभावी उपाय आहे. नुसत्या कोरडेपणासाठी पाण्यावर आधारित वंगणही पुरते. २००२ मध्ये अमेरिकेतल्या ‘विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह’ अभ्यासातून कर्करोग आणि हृदयविकाराची भीती पसरली आणि संप्रेरक उपचार जगभर मागे पडले. नंतरच्या फेरविश्लेषणात दिसले, की साठीच्या आत आणि पाळी थांबल्यापासून दहा वर्षांच्या आत सुरू केले, तर निरोगी स्त्रियांमध्ये फायदा-तोट्याचे गणित बरेच वेगळे असते. खानापूरच्या खेड्यातल्या बाईपर्यंत ही दुसरी बातमी पोहोचलेली नाही.

तिला शतावरी हवी असेल तर जरूर घ्यावी. कस असलेली, दुधातून घेतलेली शतावरी बहुतेकींना सोसते आणि थोडे बळही देते. पण वेदना होत असताना तिने सोसत राहावे आणि शतावरीवर भागवावे, हा सल्ला क्रूर आहे.

तंबूतली बाटली

पुणे-बंगळूर महामार्ग निपाणी, संकेश्वर करत बेळगावात येतो. अशा रस्त्यांच्या कडेला ‘खानदानी’ इलाजाचे तंबू ठोकलेले असतात. काचेच्या बरण्यांत मुळ्या, शिलाजिताचे काळे ढेकूळ आणि हमखास गुणाची बाटली. या बाटल्यांबाबत खरी भीती मुळ्यांची नसते. ‘शुद्ध वनौषधी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या कामोत्तेजक मालात गुपचूप सिल्डेनाफिल मिसळलेले असल्याचे जगभरच्या औषध नियंत्रकांना वारंवार आढळले आहे. एका दिवसात गुण येतो तो त्यामुळे. हृदयविकाराच्या रुग्णाने जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेट घेतलेली असेल आणि त्यावर हे पोटात गेले, तर रक्तदाब इतका कोसळतो की जीव जाऊ शकतो. ज्या मुळीचा गुण तासाभरात येतो तिच्यात मुळीपेक्षा वेगळे काहीतरी आहे, असे समजून चालावे.

दुसरी भीती जड धातूंची. इंटरनेटवर विकल्या जाणाऱ्या १९३ आयुर्वेदिक उत्पादनांच्या २००८ मधल्या अमेरिकी तपासणीत २०.७ टक्क्यांत शिसे, पारा किंवा आर्सेनिक आढळले. भस्मे आणि खनिजे घातलेल्या औषधांत हे प्रमाण ४० टक्क्यांच्या पुढे होते.

कायदा जुना आहे आणि स्पष्टही. १९५४ चा औषधे व जादुई उपचार (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा लैंगिक क्षमता वाढवण्याचे आणि पाळीचे विकार बरे करण्याचे दावे जाहिरातीत करायला मनाई करतो. आयुष औषधांच्या जाहिरातींना आधी परवानगी घ्यायला लावणारा नियम क्रमांक १७० हा २०१८ मध्ये आला. केंद्राने तो १ जुलै २०२४ ला वगळला, ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या वगळण्याला स्थगिती दिली आणि २०२५ मध्ये ते प्रकरणच निकाली निघाले. नियमांचे हेलकावे चालू राहिले, तरी १९५४ चा कायदा जागेवर आहे.

फसवणूक खाणाऱ्याचीच होते असे नाही, पिकवणाऱ्याचीही होते. पांढऱ्या मुसळीची क्लोरोफायटम बोरिव्हिलिएनम ही जात मुंबईच्या बोरिवलीवरून नाव मिळून १९५०च्या दशकात शास्त्रात आली. २००० च्या आसपास तिच्या लागवडीची लाट महाराष्ट्रात उसळली. लाखोंचे बेणे घ्या, माल आम्हीच परत विकत घेऊ, अशी आश्वासने मिळाली. शेतकऱ्यांनी कर्ज काढून वाफे केले, बायकांनी एकेक मुळी सोलून वाळवली आणि खरेदीदार गायब झाले. ज्या पदार्थाची मागणी अतिशयोक्त दाव्यांवर उभी असते, त्याचा भावही असाच एका हंगामात कोसळतो.

बोलण्याची जागा

मराठी समाजाला या विषयावर बोलता येत नाही, असे म्हणायला आधार नाही. र. धों. कर्वे यांनी १९२७ पासून १९५३ मध्ये मृत्यू येईपर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ चालवले. खटले भरले गेले. १९३४ च्या खटल्यात त्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडली. पुढे डॉ. विठ्ठल प्रभू यांनी ‘निरामय कामजीवन’सारखी पुस्तके सोप्या मराठीत लिहिली. मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. प्रकाश कोठारी यांनी लैंगिक वैद्यकशास्त्राचा विभाग उभा केला. हा सगळा वारसा प्रामुख्याने तरुणांसाठी आणि कुटुंबनियोजनासाठी वापरला गेला. साठीनंतरच्या जोडप्याला कोणीच हाक दिली नाही.

ही हाक बेळगावातून देता येईल, कारण लागणारे सारे इथे आहे. पारंपरिक औषध संस्था आणि आयुर्वेद महाविद्यालय यांनी मिळून वर्षातून दोनदा बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडीच्या बाजारातून अश्वगंधा, शतावरी, मुसळी आणि भुईकोहळ्याचे नमुने घ्यावेत. जात ओळखावी, जड धातू आणि लपवलेले सिल्डेनाफिल तपासावे आणि निकाल मराठी व कन्नड दैनिकांत छापावेत. चांगला माल ठेवणाऱ्या दुकानदाराला याने फायदाच होईल. प्राथमिक आरोग्य केंद्रात मधुमेहाच्या आणि रक्तदाबाच्या प्रत्येक रुग्णाला, पुरुष असो वा स्त्री, लैंगिक तक्रारीबद्दल एक साधा प्रश्न विचारला जावा आणि तो विचारायला डॉक्टर व परिचारिकांना शिकवले जावे. पाळी थांबल्यानंतरच्या त्रासांसाठी तालुक्याच्या रुग्णालयात आठवड्यातला एक दिवस ठरवून द्यावा. आशाताईंना घरोघरी गरोदर बाईची चौकशी करता येते, तशीच पन्नाशीच्या बाईचीही करता येईल.

घरात करण्यासारखेही बरेच आहे. मुळी घ्यायची असेल तर तुकडे घ्यावेत, तयार चूर्ण नव्हे. एका वेळी एकच सुरू करावी. बाटली असेल तर परवाना क्रमांक आणि घटकांची यादी पाहावी. डॉक्टरांकडे जाताना पुडी सोबत न्यावी, लपवू नये. रोज अर्धा-पाऊण तास भरभर चालणे, विडी-तंबाखू सोडणे, वजन आणि साखर आटोक्यात ठेवणे यांचा लैंगिक आरोग्यावरचा परिणाम अनेक चाचण्यांत दिसला आहे. आणि डॉक्टरांकडे दोघांनी मिळून जावे, कारण नवऱ्याची साखर आणि बायकोचा कोरडेपणा एकाच खोलीत भेटतात, आणि एकाचा इलाज झाला आणि दुसऱ्याचा राहिला तर अडचण तशीच उरते.